मैनाबाईच्या सोयरिकी

गोरक्षणाचा रस्ता आमच्या घरावरून जातो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळी ओट्यावर बसू लागलो आणि त्या रस्त्याने येणारी-जाणारी माणसं नुसत्या चालण्यावरून ओळखू यायला लागली. मैनाबाई भानारकर एक पाय किंचित ओढत चालायची. गोरक्षणातलं शेण काढून झालं की परतताना ती आमच्या पायरीवर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची. मग म्हणायची, "आज दोन गेले, गुरुजी."

गेले म्हणजे मेले.

आमचं गाव गडचांदूरच्या पुढे, आंध्रात उतरणाऱ्या रस्त्यावर. दिवसभर सिमेंटचे ट्रक जातात. त्यांच्यामधूनच ताडपत्री बांधलेले, आत कत्तलीची ढोरं कोंबलेले ट्रकही जायचे. पोलिसांनी असा एखादा ट्रक धरला की ती ढोरं ठेवायला आमच्या गोरक्षणाशिवाय दुसरी जागा नव्हती. गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेली टिनाची एक शेड, पाण्याचा हौद आणि कुटार म्हणजे भुसा ठेवायची खोली, एवढंच ते गोरक्षण. चाळीसेक ढोरांची सोय. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात तिथे शंभराच्या वर ढोरं होती. एक बसलं की दुसऱ्याला उभं राहायला जागा नसे. बसलेलं तुडवलं जाई आणि मैनाबाईच्या दिवसाची सुरुवात ते ओढून बाहेर काढण्यापासून होई.

ती मूळची या बाजूची नव्हती. सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठी तिचं गाव. घर ढिवराचं. नवरा तलावात जाळं टाकायचा, ही टोपली घेऊन बाजारात बसायची. तलाव गाळाने भरला, नवरा काविळीने गेला, एकुलती एक रंजीता धानोऱ्याला दिली. मग सिमेंटच्या कामावर मजुरी मिळते असं ऐकून ती इकडे आली. माती वाहताना पाय दुखावला तेव्हा कोणीतरी तिला गोरक्षणात लावून दिलं. तिच्या घरी कधी गाय नव्हती, शेळीसुद्धा नव्हती. सुरुवातीला ती गाईच्या मागून जायलाही भ्यायची.

गोरक्षणाचे सचिव प्रफुल चिंतलवार. बियाणं-खताचं दुकान चालवायचे. माणूस सरळ. ज्या ढोरांचा खटला संपला आहे ती शेतकऱ्यांना फुकट पोसायला द्यावी असं समितीने ठरवलं, तेव्हा त्यांनी दुकानावर ठळक अक्षरांत बोर्ड लावला. महिना गेला, कोणी आलं नाही. फुकट मिळणाऱ्या ढोरात काहीतरी खोट असणार असं लोकांना वाटे, आणि पोलिसांनी धरलेल्या वस्तूला हात लावायची भीती वेगळीच.

मैनाबाई एकदा त्या बोर्डाखाली उभी राहून म्हणाली, "बोर्ड वाचून कोणी पोरगी करते का, प्रफुलभाऊ? घरोघर जा लागते."

"मग जा तूच," ते हसत म्हणाले.

ती खरोखरच गेली.

रविवारी धुतलेलं लुगडं नेसून ती खेड्यांत जायची, आणि एखाद्या घरी सोयरीक घेऊन जावी तशी जायची. पोहोचल्या पोहोचल्या गाईचं नाव काढायची नाही. पाणी मागायची. पाणी कुठून आणतात, किती लांबून आणतात, ते बोलता बोलता काढून घ्यायची. गोठ्याच्या छपराकडे बघायची. घरात कोण मोठं, कोणाचं चालतं, सून कशी आहे, सगळं बघायची. सुनेचा आवाज चढा असला तर दुभती गाय त्या घरी द्यायची नाही. म्हणायची, अशा घरी गाय दूध चोरते. घर पसंत पडलं तरच मग, "आमच्याकडं एक हाय, पाह्यता का?" असं हळूच विचारायची. आणि खोट लपवायची नाही. "लाथ मारते बरं," ती सांगायची. "पण लेकराले नाई मारत. बाप्याले मारते."

ढोर घेऊन जाणाऱ्यासोबत ती शिवेपर्यंत चालत जायची, आणि महिन्याभराने त्या गावी पुन्हा जाऊन यायची.

आमच्या चौकातली मंडळी तिची चेष्टा करत. पानठेल्यावरचा एक जण एकदा म्हणाला, "मैनाबाई, माह्या पोरासाठी बी पाह्य ना एखादी. चार पायाची नको फक्त."

"तुह्या पोराले?" ती न थांबता म्हणाली. "गोरक्षणातली झाली म्हणून का वाऱ्यावर टाकू तिले?"

त्या उन्हाळ्यात अशी बरीच ढोरं घरी गेली. शेडमधल्या ढोरांना बसायला जागा झाली. आमच्या पायरीवर ती आता दुसरं बोलायची. कोणती गाय गाभण राहिली, कोणाच्या बैलाने दुसऱ्याच दिवशी दावं तोडलं. रंजीता एसटीडी बूथवर फोन करायची, आई, आता इकडे ये म्हणायची. ही म्हणायची, "येवढे लावून देतो आन येतो." आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हणतात. पण तेवढे लावून होईपर्यंत पोलीस नवा ट्रक धरायचे.

तिने केलेल्या सोयरिकींपैकी तिला सगळ्यात पसंत होती ती पिंपळटोल्याच्या धनराज आणि कमळाच्या घरची. गाय लाल रंगाची, अंगाने लहान. तिचं उजवं शिंग वळून गालात रुतत होतं. मैनाबाईने डॉक्टरच्या मागे लागून ते टोकाला कापून घेतलं होतं. कमळाचं घर सारवलेलं, विहीर अंगणात, माणसं शांत. महिन्याने मैनाबाई गेली तेव्हा गाय कडुनिंबाखाली बसून रवंथ करत होती आणि कमळाने तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं. इथे पुन्हा यायचं काम नाही असं तिला वाटलं, आणि ती पुन्हा गेली नाही.

पुढच्या वर्षी, थंडी संपत आली असताना, एक ट्रक धरला गेला. मैनाबाई ढोरं उतरवून घ्यायला उभी होती. उतरणाऱ्या ढोरांत तिला ते कापलेलं शिंग दिसलं.

त्या दिवशी ती पायरीवर बसली, पण पाण्याला हात लावला नाही. "आपण दिलेली गाय ट्रकातून वापस आली, गुरुजी," एवढंच म्हणाली.

समितीत गोंधळ झाला. आपण फुकट देतो आणि लोक वजनावर विकतात, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. देणं बंद करायचं ठरलं. प्रफुलभाऊंनी ते मैनाबाईला सांगितलं तेव्हा ती शेडकडे हात करून म्हणाली, "मग हे कुठी टाकू?" शेड पुन्हा भरत चालली होती. त्याच आठवड्यात एक गोऱ्हा खाली पडून तुडवला गेला.

रविवारी ती पिंपळटोल्याला गेली. भांडायलाच गेली होती. कमळा तिला पाहून आत निघून गेली, आणि थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"काऊन विकली?" मैनाबाईने विचारलं.

"पावसाळाभर दाव्यावर होती बाई. एका जागी उभी. चिखलात पाय सडले तिचे. पाह्यले असते ना तुम्ही, तुम्हीच शिव्या देल्ल्या असत्या मले."

"चरायले काऊन नाई सोडली?"

"कोणासंग सोडू?" कमळा म्हणाली. "ढोरकी कुठी हाय गावात?"

मैनाबाईला आधी ते कळलंच नाही. आमच्या भागात गावचा एक ढोरकी असतो. सकाळी तो गावाबाहेरच्या आखरावर उभा राहतो. घरोघरची ढोरं तिथे जमतात, तो ती सगळी जंगलात नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. प्रत्येक घर त्याला ढोरामागे वर्षाची ज्वारी देतं. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, तेव्हा ढोर कसंही फिरलं तरी चालतं. पण मृगानंतर चारी बाजूंनी पीक उभं राहतं, आणि ढोरकी नसला तर ढोर दाव्यावरच राहतं. पिंपळटोल्याचा ढोरकी आदल्या वर्षी पावसाच्या तोंडावर चुनखडीच्या खाणीवर मजुरीला गेला होता. दुसरा मिळाला नाही. धनराजने दोनदा गाय मोकळी सोडली. दोन्ही वेळा ती त्याच्या सख्ख्या भावाच्या सोयाबीनमध्ये घुसली. एकदा भावानेच तिला कोंडवाड्यात घातलं.

धनराज तोवर वावरातून आला होता. तो उंबऱ्यावर बसून जमिनीकडे बघत म्हणाला, "भाऊ आता बोलत नाई माह्याशी. बाजारात नेली तवा कोण घेते, कुठी नेते, मले का माहीत नव्हतं? माहीत होतं, बाई. मंग काय करू, तुम्हीच सांगा."

भांडायला गेलेली मैनाबाई त्यांच्याकडे जेवून परत आली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर तिने मला हे सगळं सांगितलं. "आमच्या ढिवराच्या घरी कसं, गुरुजी," ती म्हणाली, "जाळं आपलं, डोंगा आपला. पाण्यात उतरलं का काम झालं. कोणाची वाट पाहा लागत नाई. म्हणून मी घरंच पाहत राह्यली. सून पाह्यली, विहीर पाह्यली. गाव पाह्याचं असते हे मले सुचलंच नाई."

मग ती प्रफुलभाऊंकडे गेली. म्हणाली, हीच गाय मी पुन्हा लावून देते. पोळ्यापर्यंत ती त्या घरी राहिली, तर बाकीची द्यायला पुन्हा सुरुवात करा. प्रफुलभाऊंनी समितीला कसंबसं तयार केलं. गाय नव्या खटल्यातली असल्याने न्यायालयातूनही त्यांनीच परवानगी आणली. पोळ्यानंतर बैठक घेऊ आणि तोवर एकही ढोर बाहेर जाणार नाही, असं ठरलं. म्हणजे शेडमधल्या सगळ्या ढोरांचं भवितव्य त्या एका गाईवर येऊन पडलं.

आता मैनाबाई घरं बघत नव्हती. पहाटेच्या एसटीने जायची आणि आखर गाठायची. ढोरकी आहे का, कसा आहे, दारू पितो का, ढोराला मारतो का, हे आधी बघायची. बऱ्याच गावांत आखर ओस पडलेला दिसायचा. शेवटी डोंगराच्या पलीकडे हिरडी गावात तिला वारलू भेटला. वाळका म्हातारा, खांद्यावर घोंगडं. त्याच्या एका हाकेवर पुढची ढोरं थांबत.

"काहून आली, बाई? ढोर विकाचं हाय?" त्याने विचारलं.

"द्याचं हाय. तुमच्या गावात. तुमी चारसान ना?"

"मी हाय तोवर चारतो. पण माहे डोळे गेले." त्याने डोळ्यांवर हात आडवा धरून जंगलाकडे पाहिलं. "वाघ हाय का झुडूप हाय, आता मले समजत नाई. वाघाले बराबर समजते, हा म्हातारा हाय म्हणून."

त्याच गावच्या सोनीबाईने गाय ठेवून घेतली. सोनीबाई साठीची, तोंडाने फटकळ. घरात मुलगा आणि सून. मैनाबाईने या वेळी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

उन्हाळा गेला. गाय चांगली राहिली. पण आषाढात सोनीबाईने एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप पाठवला की वारलूला त्याचा मुलगा डोळ्याच्या ऑपरेशनला चंद्रपूरला घेऊन गेला, आणि आता तो बापाला परत जंगलात पाठवणार नाही. गाय घेऊन जा.

मैनाबाई हिरडीला गेली. गाय आणायला नाही, ढोरकी शोधायला. गावात बैठक बसली. तरण्या पोरांपैकी कोणी तयार नव्हतं. सिमेंटच्या कारखान्यावर जाणाऱ्याला मुलगी मिळते, ढोरक्याला मिळत नाही, असं एकाने तोंडावर सांगितलं. शेवटी पाळी ठरली, आज एका घरचा माणूस, उद्या दुसऱ्या. ती पाळी चार दिवसही टिकली नाही. एकाकडे पाहुणे आले, एकाला ताप आला, एकाने सांगितलं की माझी एकच म्हैस आहे, मी सगळ्या गावाची ढोरं कशाला चारू. पाचव्या सकाळी आखरावर ढोरं जमली आणि माणूस नव्हता. ढोरं आपापल्या वाटेने वावरांकडे निघाली.

"घेऊन जा बाई तुमची गाय," सोनीबाई म्हणाली. "मले शेजाऱ्याशी भांडण नाई पाह्यजे."

मैनाबाईने कुंपणातली एक काठी उपसली. "दोन-चार दिवस मी नेतो," ती म्हणाली. "तोवर पाहा कोणी भेटते का."

पहिल्या दिवशीची तिची फजिती हिरडीची माणसं अजून सांगतात. नाल्यापाशी ढोरं फुटायला लागली तेव्हा ती धावत पुढे गेली आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या वाटेत उभी राहिली. ढोरं दोन्ही बाजूंनी तिच्याभोवती वळली आणि निम्मी तुरीत शिरली. सोनीबाई बांधावरून ओरडली, "मासे होत का बाई ते, पुढून जाळं लावाले? मांगं राह्य. ढोराच्या मांगं राहा लागते."

ती मागे राहायला शिकली. मी तिला भेटायला एकदा गेलो, तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. ती घोंगडं पांघरून एका दगडावर बसली होती, पाय समोर लांब करून. दुखरा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. मी म्हटलं, "मैनाबाई, गोरक्षणातलं काम सुटलं तुझं."

"सुटलं ना. प्रफुलभाऊनं दुसरा माणूस लावला."

"किती दिवस असं?"

"पोळ्यापर्यंत तर आहेच," ती म्हणाली. "त्यानंतर पाहू. मले आता इचार करा लागला का झोप येते, गुरुजी."

वाघाची भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटते, पण वाघ आला तर निदान कायमचं बसायला मिळेल. हे तिने हसून म्हटलं नाही, त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी हिरडीत बैल तोरणाखाली उभे राहिले. मैनाबाई गाई आणि वासरं घेऊन जंगलात होती. संध्याकाळी परत आली तेव्हा घरोघरून तिला पुरणपोळी आली. ढोरक्याचा तो मान. आधी तिला वाटलं, चुकून दिली. सोनीबाई म्हणाली, "घे. आता तूच हाय ढोरकी."

पोळ्यानंतर प्रफुलभाऊ समितीच्या दोघांना घेऊन हिरडीला गेले. लाल गाय कळपात होती, अंगाने भरली होती. ती आणि तिला चारणारी, दोघींना बघून ते परत आले. बैठकीत ठरलं की देणं पुन्हा सुरू करायचं, पण ज्या गावात ढोरकी आहे त्याच गावात. हा नियम मैनाबाईमुळेच झाला होता. त्याचा अर्थ काय होणार हे त्या बैठकीत कोणाच्या लक्षात आलं नसावं. ढोरकी असलेली गावं मोजकीच उरली होती, आणि त्यांतलं एक हिरडी होतं. दिवाळीपर्यंत गोरक्षणातून सगळ्यात जास्त ढोरं हिरडीलाच गेली. शेड मोकळी होत गेली आणि मैनाबाईचा कळप वाढत गेला.

दिवाळीला रंजीता तिला न्यायला आली. दोन दिवस सोनीबाईच्या पडवीत राहिली. आईचा पाय बघून रडली. मी त्या वेळी तिथे नव्हतो. सोनीबाईने मला नंतर सांगितलं.

"आई, तू का गोवारी हायेस?" रंजीता म्हणाली. "आपल्या सात पिढीत कोणी ढोरं राखले? चल आता."

"चलतो ना. माणूस भेटू दे."

"माणूस भेटनारच नाई. तू हायेस तोवर कोणी पाहनारच नाई हे लोक."

सोनीबाई मला म्हणाली, पोरगी खरं बोलत होती, आणि आम्ही सगळे खाली मान घालून बसलो होतो. मैनाबाईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मी गेली तर पावसाळ्यात हे कुठी जातील, सांग तू." तिसऱ्या दिवशी रंजीता एकटीच धानोऱ्याला परत गेली. जाताना आईसाठी आणलेली नवी चप्पल ठेवून गेली.

मी शेवटचा हिरडीला गेलो तो माघात. आखरावर ऊन आलं होतं. मैनाबाई काठीवर हनुवटी टेकून उकिडवी बसली होती आणि गावातून ढोरं एकेक करून येत होती. तेवढ्यात गोरक्षणाचा टेम्पो आला. मागे चार ढोरं बांधलेली. ड्रायव्हर उतरून तिच्याजवळ आला. "प्रफुलभाऊनं इचारलं, हे चार चालतील का इथी? घरं ठरली हायेत, सोनीबाईच्या आळीत."

ती टेम्पोजवळ गेली, एकेका ढोराच्या तोंडापाशी हात नेला. एक काळा गोऱ्हा बिचकून मागे सरला.

"आज घरीच बांधा," ती म्हणाली. "नवं जंगल हाय त्याइले. उद्या पाठवा. आन ह्या काळ्याच्या गळ्यात लोढणं टाका, हा पळते."

मग ती आपल्या कळपाकडे वळली आणि काठीने शेवटच्या म्हशीला हळूच ढकललं. ढोरं उठली, वाटेला लागली. धूळ बसल्यावर तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पाय ओढत त्यांच्या मागून चालू लागली.